दोन कोडांचा माणूस

माझ्या अंगात चमत्कार आहे, असं पुण्याच्या तीन डॉक्टरांनी पडद्यावरून एकमतानं ठरवलं, तेव्हा मी खुर्चीत बसून घाम पुसत होतो. शेजारी माझी बायको केतकी कौतुकानं माझ्याकडं बघत होती. चमत्कार काय होता ते त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी आठ दिवसांपूर्वी गुपचूप औषध घेतलं होतं.

आता पहिल्यापासून सांगतो. मी सुयोग बिरंजे, राहणार इचलकरंजी, धंद्यानं जॉबर. माग बिघडला की ज्याला आधी शिवी आणि मग हाक मिळते, तो जॉबर. दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलं, गावात बिनआवाजाचे माग आले, तरी आमच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस जुने साधे माग अजून धडधडतात, आणि त्यांना जगवायचं काम माझं. मागाला काय दुखतंय ते मला आवाजावरून कळतं. स्वतःचं दुखणं मात्र अकरा महिने कळलं नाही, कारण ते दुखतच नव्हतं.

दुखण्याचं नाव परमा, म्हणजे संबंधातून लागणारा गनोरिया. नाक मुरडू नका, ज्याला होतो त्याला नाक मुरडायलाही सवड नसते. पूर्वी हा एका इंजेक्शनात पळायचा. गेल्या काही वर्षांत इतका निर्ढावला की जुन्या औषधांना तो विचारीना. कुठल्या जातीचा जंतू कुठल्या गोळीला मरतो हे आधी कळल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असं ठरलं, आणि त्यासाठी प्रत्येक सरकारी केंद्रात एक यंत्र आलं. आकार जेवणाच्या डब्याएवढा. कागदावर त्याचं नाव काहीतरी जड आहे. गावानं त्याला पणजोबा म्हणायला सुरुवात केली, कारण कोण कुणाच्या कुळातला हे तो सांगतो.

कसं सांगतो, ते मला आमच्याच धंद्यातून समजलं. मागाच्या फणीतला एक दात वाकला की पुढच्या प्रत्येक मीटरला तीच रेघ पडते. कापड बाजारात कुठंही जाऊ दे, रेघ बघून मी सांगतो हे कुठल्या मागावरचं. जंतू वाढतो तेव्हा स्वतःची नक्कल काढतो, नक्कल काढताना चुकतो, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. वर्षाला अशा चार-पाच चुका. दोन माणसांच्या जंतूंतल्या चुका तंतोतंत जुळल्या तर दोघांचा जंतू एकाच घरचा. एकाच माणसाच्या अंगातल्या जंतूंत आपसात किती फरक पडलाय त्यावरून मुक्काम किती महिन्यांचा तेही कळतं. एवढं सगळं पणजोबा अर्ध्या तासात सांगतो. फक्त माणसाचं काही वाचायची त्याला कायद्यानं बंदी आहे. नमुन्यातला माणसाचा भाग तो न वाचताच पुसून टाकतो. नाव नाही, गाव नाही, फक्त एक कोड.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकतो. मला बायका आवडतात आणि पुरुषही आवडतात. कळायला लागल्यापासून हे असंच आहे. सरकारी भाषेत आम्ही उभयलैंगिक. तो शब्द नीट उच्चारेपर्यंत समोरचा उठून जातो. आमच्या गावात आमची एक खोली आहे, मेन रोडमागं शिंप्याच्या दुकानावर, तिचं नाव ‘दुसुती’. दोन सूत जोडीनं घालून विणलेलं कापड म्हणजे दुसुती, सगळ्यात टिकाऊ. खोली चालवतात निलोफर आपा. पंचावन्नच्या, पूर्वी नर्स होत्या, आणि आमच्यातल्याच. तिथं चहा मिळतो, बोलायला माणूस मिळतं, निरोध मिळतात, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. घशात काडी फिरवून नमुनासुद्धा घेतात, कारण आपांना लाज नाही आणि त्या आम्हालाही बाळगू देत नाहीत. तिथला माझा कोड दु-११८.

लग्न ठरलं आणि मी तिथं जायचं बंद केलं. आता आपण संसारी झालो, आपल्याला कशाची तपासणी, असं डोक्यात बसलं. परमा तोवर अंगात येऊन बसला होता.

केतकीला सातवा संपत आला तेव्हा माता केंद्रात दोघांना बोलावलं. सोमवार होता. फॉर्मवर प्रश्न होता, ‘संबंध कुणाशी: स्त्री की पुरुष’. दोन चौकोन, खूण एकच करता येत होती. मी ‘स्त्री’ला खूण केली. सिस्टरनं विचारलं, “याआधी कुठला कोड आहे?” दु म्हटलं की सगळ्या जिल्ह्याला कळतं ती खोली कुठली. केतकी शेजारीच होती. मी म्हणालो, “नाही.” मला नवा कोड मिळाला. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं असंच असतं: एक कोड घरचा, एक खोलीचा. घरच्या कोडाला खोलीतलं माहीत नसतं आणि खोलीतल्याला घरचं.

नमुना देऊन बाहेर आलो आणि चोराच्या मनात चांदणं पडलं. दुपारी शेडला दांडी मारून थेट आपांकडं गेलो. केंद्रात पहिल्या नमुन्यांची रांग असते, निकाल आठवड्यानं लागतो. म्हटलं, तो येण्याआधी आपल्याला कळू दे. आपांच्या खोलीतही एक पणजोबा आहे, अर्ध्या तासात कळलं. आपांनी नवी गोळी हातावर ठेवली, समोर गिळायला लावली आणि विचारलं, “बायको?”

“तिची केंद्रात तपासणी झालीय. औषध तिथं मिळंल.”

“तिथं हाच कोड सांगितलास ना?”

“व्हय,” मी म्हणालो. आपांशी खोटं बोललेलं ते पहिलंच.

आठ दिवसांनी केंद्रानं बोलावलं. सोमवारच्या नमुन्यात आम्हा दोघांनाही परमा होता. डॉक्टर ऐनापुरे मॅडम तिथल्या प्रमुख, वयानं माझ्याएवढ्या, बोलायला सरळ. औषध देण्यापूर्वी नियमाप्रमाणे परत नमुना घेतला. केतकीचा होता तसाच. माझा कोरा. पणजोबाला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा कोरा. आणि त्यांच्या दप्तरी तर मी एक गोळीही खाल्ली नव्हती.

मॅडमनी पुण्याला फोन लावला. पुण्याच्या तिघांनी माझे आकडे बघितले. आपोआप बरे झालेले असे लोक राज्यात सापडायला लागलेत, त्यांच्या अंगात काहीतरी आहे, त्यातून उद्या लस निघेल, असं त्यांचं म्हणणं. मी मान हलवत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

खरा घोळ पुढं झाला. मॅडमनी केतकीला समजावलं, “जुनं इंजेक्शन या जातीला चालत नाही. नवी गोळी आठव्या महिन्यात देता येते. पण दोन दिवस उलट्या होतील, ताप येईल, आणि क्वचित कुणाला कळा लवकर सुरू होतात. नाही घेतली तर बाळ जन्मताना जंतू त्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो. हा औषधाला दाद न देणारा आहे. दृष्टी जायची भीती आहे. मी तर घ्या म्हणेन. पण यांचं आपोआप गेलंय, त्यामुळं...”

“त्यामुळं माझं पण जाईल,” केतकी म्हणाली. “जंतू एकच आहे ना दोघांचा? मग तो मेंगळट असणार. आणि बाळात ह्यांचं रक्त आहेच की. मी थांबते.”

“तीन आठवडे,” मॅडम नाइलाजानं म्हणाल्या. “त्यावर एक दिवस नाही.”

घरी येताना ती गाडीवर मागं बसून गुणगुणत होती. केंद्रात निकाल कळला तेव्हा एकदाच तिनं विचारलं होतं, हे लग्नाआधीचं ना? पणजोबानं मुक्काम अकरा महिने सांगितला होता, लग्नाला दहा झाले होते. मी हो म्हटलं. “ती शिरोळची?” शिरोळच्या मुलीबद्दल मी तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. मी मान हलवली. शिरोळची होती हे खरंच होतं. त्याच दिवसांत मिरजेचा एक जण होता, हेही खरं होतं. तेवढं मी गिळलं. आता तर तिनं आपल्या आईला फोनवर सांगितलं, “आमच्या ह्यांच्या अंगातच औषध आहे.” सासूबाईंनी माझ्यासाठी लाडू पाठवले. ते मी शेडवर वाटून टाकले.

चार दिवस मी डोकं चालवलं. गुपचूप गोळी आणून दुधात घालू? मग तिला ताप आल्यावर काय सांगू? मॅडमना एकटं गाठून सांगू? दोन कोड एक झाले की फाईल एक होते, आणि पती-पत्नीची फाईल जोडलेली असते. केतकीच्या मोबाईलवर पहिल्या ओळीत येणार, ‘औषध कुठं घेतलं: दुसुती’. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

पाचव्या दिवशी आपांनी बोलावून घेतलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. जिल्ह्यातल्या सगळ्या पणजोबांचे जुळणारे कोड त्यांच्या पडद्यावर येतात, तो त्यांनी माझ्याकडं वळवला. पडद्यावर दोन टिंबं होती, दु-११८ आणि एक घरचा कोड, मध्ये एक रेघ, फरक शून्य.

“ह्या घरच्या कोडवाल्याचा परमा औषधाशिवाय गेला म्हणं,” आपा म्हणाल्या. “जिल्ह्यात बोभाटा झालाय. बसू का हार घेऊन?”

त्यांनी बोटानं पडदा पुढं सरकवला.

“ह्याला जोडून तिसरं टिंब आहे. बाई. गरोदर. औषध घेतलेलं नाही.” त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाच. “सुयोग, तुझं खोटं तुझ्यापुरतं असतं तर मी काही बोलले नसते. आमच्यात सगळेच कधी ना कधी खोटं बोललेत. मी पण नवऱ्याशी वीस वर्षं बोलले. पण तुझ्या खोट्यावर ती पोरगी हिशेब मांडून बसलीय. पोटातलं लेकरू त्या हिशेबात आहे.”

“तुम्हीच सांगा ना मॅडमना.”

“मी सांगणार नाही. माझ्या तोंडून एक नाव बाहेर गेलं की उद्या ह्या खोलीत कुणी चढणार नाही, आणि मग गावात किती जणांचे डोळे जातील? हे काम तुझं आहे. मी फार तर चहा देईन.”

चहा घेतला. खरंच सांगतो, आपांचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्या बरोबर होत्या म्हणून जास्तच आला.

आमच्या घरात भिंत म्हणजे पत्रा. पलीकडं माझा भाऊ, अलीकडं आई. कुजबुजलं तरी पंचायत भरते. दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी डबा घेऊन शेडवर आली आणि मला जागा सापडली.

जुन्या मागांच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. कामगार एकमेकांच्या ओठांवरून वाचतात, हातांनी खुणा करतात. केतकी मागवाल्याच्या घरात वाढलेली, तिला ही भाषा आईच्या भाषेसारखी येते. मी तिला शेवटच्या रांगेत नेलं, भिंतीशी. कामगारांकडं पाठ केली, म्हणजे माझे ओठ तिच्याशिवाय कुणाला दिसणार नाहीत. अठ्ठेचाळीस माग धडधडत होते. मी बोलायला लागलो.

“माझं आपोआप गेलं नाही. मी औषध घेतलं होतं.”

तिनं भुवया वर केल्या. कुठं?

“दुसुतीत. लग्नाआधी जायचो. मला पुरुषही आवडतात. शिरोळची होती, तसा मिरजेचा एक होता. लग्नानंतर कुणी नाही. माझे दोन कोड आहेत. केतकी, जंतू मेंगळट नाही. तुझा आपोआप जाणार नाही. तू गोळी घे.”

मी एवढं भरभर बोललो की तिला सगळं कळलं की नाही समजेना, म्हणून परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज फुटला, पण तो माझा मलाही ऐकू आला नाही. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. डबा तिनं पोटाशी धरला होता.

मग तिनं विचारलं, ओठांनीच, सावकाश. “किती दिवस माहीत होतं तुला?”

लग्नानंतर पहिल्यांदा ती मला ‘तू’ म्हणत होती.

“केंद्रात गेलो त्या दिवसापासून.”

“म्हणजे मी थांबते म्हणाले तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“आईला फोन केला तेव्हा?”

“हो.”

“पुरुष-बिरुष मी नंतर बघते,” ती म्हणाली. “पण माझ्या लेकराच्या डोळ्यांवर तू गप्प बसलास.” डबा माझ्या हातात देऊन ती चालायला लागली. दारापाशी थांबून वळली आणि हातानं खूण केली. मागवाल्यांची खूण, ‘माग बंद कर, चल’. मी मुख्य बटण दाबून तिच्यामागं धावलो. अख्खी शेड थांबली, मुकादम ओरडायला लागला.

केंद्रात ऐनापुरे मॅडमसमोर मी दोन्ही कोड टेबलावर लिहून दिले. म्हणालो, “हे दोन्ही मीच.”

मॅडमनी कागदाकडं बघितलं, मग पडद्याकडं. पाच मिनिटं नुसत्या तारखा जुळवत राहिल्या. मी ओरडा खायला तयार होऊन बसलो होतो. त्यांनी खुर्चीत मान मागं टाकली आणि मोठा श्वास सोडला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “सहा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. जे शिकले ते चुकलं, की माझं यंत्र बिघडलं, काही कळेना. आणि ही थांबते म्हणाली तेव्हा मी जोर केला नाही, ते वेगळंच खात होतं.” केतकीला त्यांनी तिथंच गोळी दिली. मग पुण्याला फोन लावला. तिथल्या तिघांतल्या एक डॉक्टरबाई पडद्यावर आल्या, ऐकून त्यांचा चेहरा उतरला. लस हातची गेली होती.

मला राहवलं नाही, पडद्याकडं वळून विचारलं. “मॅडम, राज्यात असे आणखी किती जण आहेत म्हणालात?”

“एकतीस.”

“त्यांच्याही फॉर्मवर एकच खूण करायची सोय होती का?”

त्या बाईंनी समोरची यादी जवळ ओढली. नंतर “मी उद्या फोन करते” म्हणून पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशी खरंच केला. एकतीस कोडांतल्या अठ्ठावीस जणांचा हुबेहूब जंतू दुसऱ्या कुठल्यातरी कोडाखाली आधीच औषध घेऊन मेला होता. त्यातल्या अकरा जणांच्या घरी बायका किंवा नवरे आपोआप बरं व्हायची वाट बघत बसले होते. त्या अकरा घरांना त्याच आठवड्यात बोलावणं गेलं, ‘थांबू नका, औषध घ्या’, कुणाचं नाव न घेता. हे ऐकलं त्या रात्री मी पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा नीट झोपलो. महिनाभरात फॉर्म बदलला. दोन्ही चौकोनांत खूण करता येते, आणि कोडाच्या पुढं कुठल्याही खोलीचं अक्षर लागत नाही. केंद्रातल्या सिस्टरना शिकवायला सरकारनं आपांना बोलावलं. आपा म्हणे पहिल्याच दिवशी त्यांना म्हणाल्या, “आधी तुम्ही लाजायचं बंद करा, मग ते खोटं बोलायचं बंद करतील.”

घरी मात्र दोन दिवस वाईट गेले. केतकीला ताप चढला, उलट्या थांबेनात. मी घमेलं धरून बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला तेव्हा ती भिंतीला टेकून म्हणाली, “कुणाकडनं आला असंल? बाईकडनं का बाप्याकडनं?”

“पणजोबाला ते कळत नाही. जंतू बाई-बाप्या बघत नाही.”

“आणि आता? अजून बघता तुम्ही पुरुषांकडं?” ती ‘तुम्ही’वर परत आली होती, पण ते परक्यासारखं लागत होतं.

“बघायला बघतो. तू पण बघतीस की टीव्हीतल्या त्या दाढीवाल्याकडं.”

ती हसली नाही. “त्या बाईकडं दर तीन महिन्यांनी जायचं. मला सांगून जायचं. निकाल आणून दाखवायचा.” निलोफर आपांचं नाव ती घेत नव्हती. ‘ती बाई’ म्हणायची. नवऱ्याचं एवढं मोठं गुपित दुसऱ्या एका बाईला आपल्याआधी ठाऊक होतं, हे तिला मिरजेच्या माणसापेक्षा जास्त लागलं होतं. मी कबूल झालो. सहाव्या दिवशी तिचा नमुना कोरा आला. तिनं तो कागद मला दाखवला, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि बाळंतपणाला माहेरी जयसिंगपूरला निघून गेली. पोचल्याचा फोन तिच्या आईनं केला.

पाच आठवडे मी फोन करायचो, ती प्रकृती सांगायची आणि ठेवायची. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो. शेडमध्ये काम करताना एकच गोष्ट डोक्यात फिरायची. कागद कोरा आहे, मॅडम म्हणतात काळजी नको, पण ते चार-पाच दिवस मी गप्प बसलो होतो, ते कुठल्या कागदावर कोरे होणार?

मंगळवारी सकाळी फोन आला. मी पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. ऐनापुरे मॅडम मुद्दाम जयसिंगपूरला आल्या होत्या. सिस्टरनं मुलीला दिव्याखाली धरलं, ओल्या कापसानं डोळे पुसले आणि पापणी हळूच वर केली. मी दारात उभा होतो. मॅडमनी छोटी बॅटरी एका डोळ्यावर धरली, मग दुसऱ्या. मुलीनं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले आणि रडून दवाखाना डोक्यावर घेतला.

“उजेड आवडला नाही बाईसाहेबांना,” मॅडम म्हणाल्या. “डोळे स्वच्छ आहेत. डोळ्यांतल्या नमुन्याची काडी पण तपासायला पाठवते, पण मला शंका नाही.”

मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. सासूबाई म्हणाल्या, मुलगी झाली म्हणून काय रडायचं, जावईबापू? त्यांना काय सांगणार?

केतकी खाटेवरून माझ्याकडं बघत होती. थकली होती, केस कपाळाला चिकटले होते. मुलीला तिनं कुशीत घेतलं आणि बोट तिच्या डोळ्यांसमोर इकडून तिकडं फिरवून बघितलं. एवढ्या लहानाला काय कळतंय, पण तिनं दोनदा फिरवलं. मग आईला म्हणाली, गरम पाणी आण. सासूबाई बाहेर गेल्या.

“उठा आता,” ती मला म्हणाली. “हात धुवा आणि हिला घ्या. आणि आपांना फोन करा, वाट बघत बसल्या असतील.”